अंगठामामीचं पथ्य

दारात कुणी आलं की लोक पाणी विचारतात. आमची मामी आधी पाय मागायची. "कर इकडं पाय," म्हणून नडगीवर अंगठा रोवायची, उचलायची आणि उमटलेला खड्डा भरून येईपर्यंत टक लावून बसायची. "सूज आहे तुह्या अंगात. रात्री उशिरा जेवून राह्यला ना?" नव्या जावयाचीही यातून सुटका नसे. कारंजा गावात सगळे तिला अंगठामामी म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

मामीची स्वतःची बोटं ऐन तिशीत सुजून आखडली होती. सकाळी मूठ वळायची नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि खाणं, झोप, चालणंही सांभाळायला सांगितलं. मामी दोन्ही करून बरी झाली, आणि सगळं श्रेय पथ्याला देऊन मोकळी! दिवस मावळायच्या आत जेवण, पानात जवसाची चटणी, भजी आणि साखर बंद, पहाटे नाल्यापर्यंत चालणं, टीव्ही बंद करून वेळेवर झोप. "अंगातली आग पोटातूनच इझवा लागते," असं ती येईल त्याला ऐकवायची. खोटं कशाला बोलू, अर्ध्या गल्लीच्या सांध्यांची कुरकुर तिनेच कमी केली. मीही रात्रीचे समोसे सोडले ते तिच्याच धाकाने.

अडायचं ते घरातच. मामा ट्रक चालवायचा आणि त्याचा उजवा गुडघा कायम फुगलेला. दिवस मावळताना तो कुठल्या तरी ढाब्यावर, पहाटे स्टिअरिंगवर. "गाडी थांबवून हायवेवर फिरू का आता?" असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. तरी मामी चटणीची बरणी केबिनमध्ये ठेवायचीच. आणि काय आश्चर्य, गुडघा उतरला! मामीला आकाश ठेंगणं झालं. पाहुण्यांसमोर ती मामाला पायजमा वर करायला लावायची. "पाहा, एक गोळी नाई घेतली माह्या माणसानं. नुसतं जवस!" मामा बापडा गुडघा पुढे करून हसत उभा राहायचा. "मामा, पाह्याले तिकीट लाव," म्हणून मी त्याची टर उडवायचो.

मागच्या उन्हाळ्यात मामाचे दोन्ही पाय सुजले, तोंडही सुजलं. मामीने अंगठा रोवला. खड्डा तसाच राहिला. तिने जवसाचं नाव काढलं नाही, पथ्य सांगितलं नाही. "गाडी बोलाव," एवढंच मला म्हणाली.

दवाखान्यात रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मामाला विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या कधीपासून घेताय?"

"हे गोळी घेत नाईत," मामी ताडकन म्हणाली. "जवस खातात."

मामाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "ढाब्याजवळच्या मेडिकलमधून घेतो," तो हळूच म्हणाला. "रोज. कित्येक वर्सं झाले."

"काऊन?" मामीने विचारलं.

"गुडघा उतरला त तू इतकी खुश झाली. साऱ्याईले सांगत सुटली. मंग म्या कसं मोडू तुहं मन?"

त्या गोळ्यांनी मामाच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. दिवाळी काही त्याने पाहिली नाही. मला अजून राग येतो, आणि तो काढायचा कुणावर तेच कळत नाही. एवढा जीव होता बायकोवर, तर खरं बोलायचं होतं ना, भल्या माणसा!

मला वाटलं, आता मामी कुणाचा पाय धरणार नाही. जेवते अजून दिवस मावळायच्या आत, एकटीच. परवा गेलो तर चटणीचं पान पुढे आलं आणि मग म्हणाली, "कर इकडं पाय." बोटं पुन्हा जरा आखडलीत तिची. अंगठा रोवला, उचलला. खड्डा लगेच भरून आला. तरी तिने पाय सोडला नाही.

"कोणत्या गोळ्या त नाई खाऊन राह्यला?"

"नाही मामी."

"मले बरं वाटावं म्हणून नको सांगू," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच विचारलं.