दोन दारांचा फ्रिज

बाळांनो, मे महिन्यात आलात तेव्हा तुम्ही आमच्या टीव्हीवर ती अमेरिकन गुंडांची मालिका लावून देऊन गेलात. ‘आजी, तुझं इंग्रजी ताजं राहील,’ म्हणालात. इंग्रजीचं ठाऊक नाही, पण माझा संशयी स्वभाव मात्र त्या मालिकेने चांगलाच ताजा केला.

दुपारी भांडी पालथी पडली की तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, घराच्या मधल्या दारातून आमच्या भागात यायची. संवाद मी तिला मराठीत सांगत असे. खून-मारामाऱ्या आल्या की ती डोळे मिटायची, घरं दाखवली की उघडायची. त्या टोळीच्या म्होरक्याच्या घरात इतक्या वस्तू, की माणसांना वाकडं होऊन चालावं लागे. एकदा तर समाचाराला गेलेला त्याचा साथीदार मेलेल्याचे बूट हळूच पायात घालून बघतो! म्होरक्याची बायको रोज प्रार्थनेला जाते आणि नवऱ्याने आणलेली प्रत्येक वस्तू घेते. कुठून आणली, हे एकदाही विचारत नाही.

“तोंड नाही का तिला?” मी म्हणायची.

“विचारलं तर परत द्यावी लागेल ना गो वयनी,” तुमची धाकटी आजी म्हणायची.

चतुर्थीच्या आधी एक दिवस टेम्पोतून फ्रिज आला. दोन दारांचा, दारातूनच बर्फाचे तुकडे पेल्यात पडतात असा. मागून तुमचे धाकटे आजोबा हसत आले.

“वयनी, तुमचा जुना फ्रिज गिरणीसारखा वाजतो. झोप लागत नाही आम्हाला पलीकडे.”

वीस वर्षं तो तसाच वाजत होता आणि हे गृहस्थ सुखाने घोरत होते. गेल्या चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी दोन नारळ मागितले तर लहानातले लहान शोधून देणारा हा माणूस. मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. पण मी फ्रिज पुसून घेतला, जागा केली आणि संध्याकाळी लिंबाच्या सरबतात बर्फ पाडून प्यायले. छान लागलं, हेही लिहून ठेवते.

घरातल्या प्रत्येक यंत्राचं गॅरंटीकार्ड मी फायलीत लावते, हे तुम्हाला ठाऊक आहे. फ्रिजचं कार्ड मागितलं.

“देतो, देतो.”

दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा म्हणाले, “दुकानदाराकडे राहिलं.” तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा त्यांना पेडण्याच्या बाजारात अचानक काम निघालं.

आता मी मालिका वेगळ्या डोळ्यांनी बघू लागले. एका दुपारी म्होरक्याने बायकोच्या गळ्यात मोत्यांची माळ घातली.

“आता बघ गो वयनी, हा तिच्याकडे काहीतरी मागणार!” तुमच्या धाकट्या आजीने टाळी वाजवली. टाळीबरोबर तिच्या हातातल्या पाटल्या वाजल्या. नव्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तिने ते बघितलं, आणि पदराखाली हात घेतला.

“तुझ्याकडे काय मागितलं?” मी विचारलं.

टीव्हीवर कोणीतरी कोणाला तरी गाडीच्या डिकीत घालत होतं. तिने डोळे मिटले नाहीत.

“सही,” ती म्हणाली. “भाटाच्या विक्रीवर.”

भाट म्हणजे मोरजीच्या मागच्या डोंगरावरचा आपला काजूचा मळा. तुम्ही तिथे बोंडू खाऊन कपड्यांवर डाग पाडले होते, तोच. त्याच्या पोटात झरा आहे. मेमध्येही खालच्या वाड्यावरच्या कुळागरांना, त्या माडा-पोफळींच्या बागांना, त्याचंच पाणी जातं. शेजारचा डोंगर विकला गेला तेव्हा आधी कुंपण आलं, मग वाटेवर एक परका रखवालदार आला. त्याच वाटेने जन्मभर गेलेल्या म्हातारीला तो विचारतो, ‘किससे मिलना है?’

आपल्या गोव्यात लग्न झालं की नवऱ्याच्या मालमत्तेत बायको अर्धी धनीण होते. तिच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही. तुमचे आजोबा गेले तरी माझा वाटा माझाच आहे. म्हणून फ्रिज.

तुमची धाकटी आजी उठली आणि मधल्या दारातून जाऊन परत आली. गॅरंटीकार्ड तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीत होतं. ग्राहकाच्या जागी एका बांधकाम कंपनीचं नाव होतं. शेजारच्या डोंगराच्या कुंपणावर लावलेला फलक मी वाचलेला आहे. नाव तेच.

रविवारी धाकटे आजोबा कागद घेऊन पुढच्या ओसरीवर, बाल्कांवात बसले.

“वयनी, देवाला पाकळ्या लावून प्रसादसुद्धा घेतला. उजवा झाला, देवाचा होकार आहे.”

“कितव्या खेपेला, भावजी?”

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, “तिसऱ्या.”

“फ्रिज कोणी दिला?”

“म्हणजे काय, मीच...”

मी कार्ड कागदांवर ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “झऱ्याने कोणाचं पोट भरलंय आजवर?”

“खालच्या वाड्याचं,” मी म्हणाले, आणि पेनचं टोपण लावलं.

सही केली नाही. करणारही नाही. फ्रिज मी रिकामा केला, पुसला आणि दोन गड्यांकडून बाल्कांवात ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी कंपनीचा टेम्पो येऊन घेऊन गेला. जुना पुन्हा वाजू लागला. तुमच्या धाकट्या आजीने पाटल्या परत केल्या नाहीत. हल्ली ती दुपारची येतही नाही, मालिका मी एकटीच बघते.

एक गोष्ट राहिली. फ्रिज आल्याच्या चौथ्या दिवशी तुमच्या बाबाचा फोन आला होता. हवापाणी विचारून झालं आणि सहज म्हणाला, “आई, नवीन फ्रिज चालतो ना नीट?”

“चालतो हो,” मी म्हणाले आणि सरबत ढवळत राहिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की फ्रिजबद्दल मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. रविवारच्या कागदांत त्याचा वाटा विकायला काकाला दिलेलं मुखत्यारपत्रही होतं, सहीनिशी, फ्रिज यायच्या महिनाभर आधीचं.

त्याला काय मिळालं, ते त्याने मला सांगितलेलं नाही. तुमच्या घरात गेल्या काही महिन्यांत मोठं असं काय नवीन आलंय, ते बघा आणि मला कळवा. हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्याची नजर कुठल्या वस्तूकडे जाते, तेही लिहा.