राणी पुलावरून गेली असती

आमच्या बाईंची तीन भागांची जाडजूड कादंबरी गावात सगळ्यात आधी पुरी केली ती मी. म्हणजे वाचली बाईंनीच, मोठ्याने, त्यांच्या पडवीत बसून; मी समोरच्या खुर्चीत होतो आणि मधला अख्खा भाग घोरत होतो.

मला वाचता येत नाही. दुसरीत बाईंच्याच वर्गाच्या खिडकीतून उडी मारली, ती परत आत काही मारली नाही. हे सुद्धा मी बोलतोय आणि बायको लिहितेय. माझ्या मालवणीचं ती शहाणं मराठी करते, आणि जिथे मी स्वतःची जरा तारीफ करतो तिथे नेमकं तिचं पेन चालत नाही.

बाई जन्मभर आमच्या शाळेत शिकवत होत्या. रविवारी चर्चमध्ये गायच्या, आणि उरलेल्या वेळात घरात बसून लिहायच्या. गावाला वाटायचं, बाई पेपर तपासतायत. त्या लिहीत होत्या चालणारे डोंगर, सात राजे, नऊ तोंडांची सुसर आणि समुद्राखालचं शहर. रिटायर झाल्यावर ते छापून आलं. बरीच वर्षं कुणी काही विचारलं नाही, आणि मग एक दिवस मुंबईहून एक तरुण दिग्दर्शक गाडी घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. याचा सिनेमा करायचा म्हणाला.

गोष्ट मी सांगतो तुम्हाला, जागा होतो तेवढी. एका राणीचा भाऊ मरतो. त्याला परत आणायला राणी मरणाच्या नदीपलीकडे निघते. वाटेत जो भेटेल तो तिला विचारतो, तू कोण, कुठली, कुणाची, कशाला आलीस. राजे विचारतात, राक्षस विचारतात, डोंगर सुद्धा चालायचे थांबून विचारतात. एकटा नदीवरचा नावाडी काही विचारत नाही. होडी लावतो, पलीकडे नेतो, संपलं. तिन्ही भागांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

तो नावाडी म्हणजे माझा बाप.

बाप आमच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. माणसं ने, माणसं आण. बोलणं महिन्यातून एखादं वाक्य. मला आठवतात ती दोनच. पहिलं, ‘भरतीक होडी आपसूक जाता. माणसान गप बसाक व्हया.’ हे तो खास माझ्यासाठी बोलला असणार, कारण त्या होडीत मी होतो आणि मी बोलत होतो.

बाईंचा नवरा बोटीवर नोकरीला होता. तो तिकडेच वारला. बाई गोव्याला त्याच्या माणसांकडे जाऊन परत येत होत्या त्या दिवशी बसमध्ये, कट्टा गावच्या स्टॉपवर, बाजारात, जो तो त्यांना विचारत होता. कसा झाला गो? आता काय करतलंस? माझ्या बापाने काही विचारलं नाही. पलीकडे नेलं, त्यांची पिशवी उचलली, घराच्या पायरीवर ठेवली आणि परत फिरला. हे बाईंनी मला पडवीत सांगितलं. तेव्हा मात्र मी जागा होतो.

मी बापावर गेलो नाही. मी कट्ट्याला रिक्षा लावतो. माझ्या रिक्षात बसलेला माणूस उतरेपर्यंत त्याचं गाव, वाडी, आजोळ आणि पोट साफ होतं की नाही एवढं मला कळलेलं असतं. मरताना बापाने होडी धाकट्या भावाला दिली. मला म्हणाला, ‘तू रिक्षा चलव.’ ते त्याचं दुसरं वाक्य.

आता सिनेमा. तीन भागांचं दोन तासांत बसवायचं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी बघितलं. दिग्दर्शक पडवीत येऊन बसायचा, बाई आल्याचा चहा द्यायच्या, आणि एकेका चहाला एकेक माणूस मरायचा. सात राजे होते, बजेटमध्ये दोन बसले. सुसरीची नऊ तोंडं होती, तिला दोन ठेवली. पाताळ रेडीच्या खाणीत केलं, लाल माती तिथे आयतीच होती. चालणारे डोंगर चालायचे बंद झाले. लढाईला आमच्याच गावची माणसं घेतली. सकाळी राजाकडून लढायची, जेवून उठली की राक्षसाकडून. स्टॉपवरचा एक रिक्षावाला तर दोन्हीकडून मेला आणि संध्याकाळी मलाच म्हणाला, ‘घराक सोड रे, पाय दुखतत.’

बाई सगळ्याला हो म्हणत गेल्या. एकच म्हणाल्या, ‘बाकी काय हवं ते करा. माझा नावाडी तेवढा ठेवा.’

दिग्दर्शक म्हणाला, ‘बाई, तो बोलतच नाही हो. नुसती होडी जाते. लोक कंटाळतील.’

‘कंटाळू देत,’ बाई म्हणाल्या.

मग ते दोघं भावाकडे होडी बघायला आले. मी नेमका होडी वर ओढत होतो, पाठ त्यांच्याकडे. बाई जागच्या जागी थांबल्या. ‘हाच,’ म्हणाल्या. ‘तसोच दिसता.’ लोकांना रोल तोंड बघून मिळतो, मला पाठ बघून मिळाला. मी वळलो आणि म्हटलं, ‘काय बाई, चाय घेतलात? ह्ये कोण? मुंबयचे? मुंबयत खंय?’

दिग्दर्शकाने बाईंकडे बघितलं. ‘हे?’

‘पाठमोरे,’ बाई म्हणाल्या.

मी स्टॉपवर जाऊन सांगितलं, माका रोल गावलो.

‘डायलॉग किती?’

‘एक पण नाय. गप बसाचो रोल आसा.’

स्टॉपवर असा हशा कधी झाला नव्हता. सगळ्यात म्हातारा रिक्षावाला डोळे पुसत म्हणाला, ‘तुका? मेल्या, तेच्यापेक्षा बांगड्याक माडार चढवक सोपा!’

शूटिंगच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक बाईंना म्हणाला, ‘उद्या सकाळची भरती आहे तोवर घेतो. जमलं तर नावाडी राहील. नाही जमलं तर राणी पुलावरून जाईल. पूल कॉम्प्युटरवर करता येतो.’

बाई एरवी त्याच्याशी शाळेतलं मराठी बोलायच्या. तेव्हा एकदम मालवणीत आल्या. ‘मरणाच्या नदीर पूल? टेंडर कोणी भरल्यान?’

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. मग माझंही हसू गेलं. आमच्या खाडीवर पूल झाला तेव्हा बापाची तर बंद पडली, आणि त्यानंतर तो रोज सकाळी धक्क्यावर येऊन नुसता बसायचा. आता पुस्तकातल्या बापाच्या डोक्यावरून पण पूल जाणार होता. आणि तो अडवायचा होता मी. तोंड बंद ठेवून.

सकाळी सगळे खाडीवर जमले. कॅमेरा अलीकडच्या धक्क्यावर. मी होडीत मागच्या बाजूला, कॅमेऱ्याकडे पाठ. राणी पुढे. पलीकडचा धक्का वळणावर, जरा वरच्या अंगाला. तिथे बाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, म्हणजे मधे बोलायला नकोत. बोलणाऱ्याला होडीत बसवून गप माणसाला लांब ठेवलं, अशी त्या दिवशीची व्यवस्था.

राणी होडीत चढली. काळा झगा, डोळ्यांत औषध घालून आणलेलं पाणी. मी म्हटलं, ‘बस गो बाय, सांबाळून. फळी ओली आसा.’

‘कट!’

‘मी बोललंय नाय,’ मी ओरडलो, ‘सांगलंय!’

दुसऱ्या वेळी मी गप राहिलो. खरंच राहिलो. अर्धी खाडी गेली. पण समोर एक पोर बसलीय, डोळे पुसतेय, आणि आपण तिला विचारायचं नाही? माझ्या रिक्षात असं कधी झालं नाही. मी हळूच विचारलं, कॅमेऱ्याला ऐकू जाणार नाही असं, ‘खंयची गो तू?’

बिचारी चांगल्या घरची. तिने पण हळूच सांगितलं, ‘मुंबईची. पण आजी दोडामार्गची.’

‘दोडामार्गात खंय?’

‘नक्की नाही माहीत. काजूची बाग होती.’

‘ती थय सगळ्यांचीच आसा. आजयेचा आडनाव काय?’

तिने आडनाव सांगितलं. निघालं काय, तर माझ्या मावशीच्या शेजारचंच घर! पलीकडे लागेपर्यंत ती मला मामा म्हणायला लागली होती. कर्ण्यातून दिग्दर्शकाचा आवाज अख्ख्या खाडीवर घुमला, ‘काका, तिचा भाऊ मेलाय! ती हसतेय कशाला?’

तिसऱ्या वेळी कुणीतरी युक्ती काढली की याच्या तोंडात पाणी भरा. चूळभर पाणी गालात धरून मी निघालो. पाणी गिळायचं नाही, थुंकायचं नाही, म्हणजे बोलणार कसा? युक्ती चांगली होती. पण मधोमध गेलो आणि मला उचकी लागली. त्या वेळी माझी आठवण कोणी काढली ते अजून कळलेलं नाही. बायको म्हणते, मी नाही. सगळं पाणी राणीच्या तोंडावर. काळं काजळ गळ्यापर्यंत उतरलं.

आता रंग परत लावायचा आणि भरती तर भरत आलेली. दिग्दर्शकाने कर्णा खाली ठेवला आणि नुसतं हाताचं एक बोट वर केलं. आता एकदाच. पुढे पूल.

राणीचा चेहरा धुवायला मी होडी जवळच्या, म्हणजे बाईंच्याच धक्क्याला लावली. रंगवाल्या बाया दुसऱ्या होडीने आल्या. बाई खुर्चीत बसल्या होत्या. मला वाटलं, आता कान धरतात. त्या पाण्याकडे बघत होत्या.

‘रागावलात बाई?’

‘नाय.’

‘शिरा पडो माझ्या तोंडार.’

‘पडो,’ त्या म्हणाल्या. ‘राजे, राक्षस, डोंगर, ते सगळे मी माझ्या मनान केलंय. तेंका कापल्यानी तरी चलात. तो एकटोच खरो होतो.’

माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. बायको म्हणते, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

‘जा आता,’ बाई म्हणाल्या. ‘पाणी भरत इला.’

शेवटच्या वेळी राणी चढली, मी गप. फळी ओली होती, मी गप. ती जरा घसरली, तरी मी गप. निघालो. खाडीच्या मधे आलो आणि बघतो तर तिचा झगा होडीबाहेर लोंबतोय, पाण्यात भिजतोय. चांगला महागातला झगा! ‘झगो भिजता गो’ एवढं माझ्या जिभेवर आलं. मी तोंड उघडलं.

तिकडे वळणावर बाई खुर्चीतून उठल्या. कॅमेऱ्यात येणार नाही अशा कांदळीच्या झाडीमागे उभ्या राहिल्या. एका हाताची घडी घातली आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर ठेवलं. दुसरीच्या वर्गात ठेवायच्या तसंच. हाताची घडी, तोंडावर बोट.

मी शाळा सोडली हे माझ्या हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला काही कळायच्या आत एक हात घडीत गेला, दुसऱ्याचं बोट तोंडावर आलं. वल्हं होतं कुठे तर हातात, म्हणजे आता नव्हतं. ते पाण्यात पडून आमच्या मागून, हळूहळू, तरंगत येत होतं.

होडी थांबली नाही. भरतीचं पाणी तिला धरून वर नेत राहिलं. कोणी कट म्हणालं नाही. फळीखालून पाणी जाताना आवाज येतो, तो मी कितीतरी वर्षांनी ऐकला. राणी पुढे बघत बसली होती, आणि रडत होती. घाईत या वेळी तिच्या डोळ्यांत औषध घालायला कोणाला सुचलं नव्हतं. मला विचारायचं होतं, काय झाला गो बाय? नाही विचारलं. तोंडावर बोट होतं.

नंतर दिग्दर्शक धावत आला. ‘काका! वल्हवायचं सोडून दिलंत! सुचलं कसं तुम्हाला?’

‘सुचला,’ मी म्हटलं. आणि भावाला वल्हं शोधायला पाठवलं.

सिनेमा गावाला दाखवला तो शाळेच्या पटांगणात, पडदा लावून. मी पहिल्या रांगेत, नवा शर्ट घालून. माझ्यामागे अख्खा स्टॉप. दोन राजे आले, गेले. रेडीचं पाताळ आलं. लढाईत आपापली माणसं ओळखून लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग खाडी आली.

पाठमोरा माणूस. वाकलेले खांदे, डोक्याला मुंडासं. हलत नाही, बोलत नाही. होडी आपली जातेय, बारीक होत जातेय. बोट तोंडावर आहे, घडी घातलीय, ते मागून काही दिसत नाही. पटांगणात एकही माणूस खाकरला नाही. भाऊ माझ्या शेजारी होता. तो एवढंच म्हणाला, ‘बापूस.’ आणि खरंच, मी कुठे दिसतच नव्हतो. धक्क्यावरून आम्ही लहानपणी बघायचो तसा बाप चालला होता.

मागे वळून बघितलं तर बाईंनी चष्मा काढला होता आणि पदराने पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

दिवे लागले. मी कॉलर नीट केली, स्टॉपवाल्यांना ऐकू जाईल अशा अंतरावर बाईंसमोर उभा राहिलो आणि विचारलं, ‘काय बाई, कसा काय केलंय मी?’

बाईंनी चष्मा लावला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘तू खंय काय केलंस? केल्यान ता होडयेन. आणि होडी तुझ्या बापाशीची.’