तिकडची वेळ

“तिकडं आता रात्र असंल.”

आमचे शेजारी हे वाक्य उजव्या मनगटाकडे बघत म्हणायचे. डाव्या मनगटावर आपल्या मलकापूरची वेळ आणि उजव्यावर इंग्लंडची. दोन घड्याळं बांधणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, पुन्हा पाहायची हौसही नाही. सकाळी कंपाउंडच्या भिंतीशी मी दात घासताना दिसलो की ते मुद्दाम दोन्ही बाह्या वर सारायचे, उजवा हात कानाशी नेऊन घड्याळ चालू आहे ना ते ऐकायचे आणि मग हे वाक्य टाकायचे. तिकडे रात्र असली तर मी काय करावं, ते मात्र कधी सांगायचे नाहीत.

नाव लिहीत नाही. ट्रॅक्टरची शोरूम, दारात पांढरी गाडी, बोलताना पोट पुढे आणि मान मागे. तुमच्याही गल्लीत असा एक असेलच, त्याला डोळ्यांपुढे धरा म्हणजे काम होईल.

त्यांचा मुलगा पाचवीपासून डोंगरावरच्या एका बोर्डिंगच्या शाळेत होता. तिथे घोडे होते, पोहायचा तलाव होता, आणि जेवताना काटा कुठल्या हातात धरायचा याचे संस्कार होते. हे सगळं मला भिंतीवरून कळायचं. मी कराडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते सांगायचे.

“सर, त्या शाळंतली पोरं हिकडं कॉलेजला जातच न्हाईत.”

“मग कुठं जातात?”

“तिकडं. तुमच्या कॉलेजात काय, एस्टीचा पास काढला की झालं अ‍ॅडमिशन.”

मी चूळ भरायचो. त्या शाळांमधून बाहेर पडलेली पोरं कुठे जातात ते मी इतकी वर्षं इथेच राहून बघत आलोय. ज्यांच्या बापाकडे खरोखर पिढीजात पैसा असतो ती परदेशी जातात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. काही पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत शिरतात. उरलेली घाट उतरून घरी येतात, बापाच्या गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकाला इंग्रजीतून ‘सॉरी’ म्हणतात. यात वाईट काही नाही. पण आमच्या शेजाऱ्यांना तिसरा वर्ग मान्यच नव्हता.

बारावी झाली आणि हायवेच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. आमच्याकडे वाढदिवसाला, निवडीला, नव्या जेसीबीलाही फ्लेक्स लागतो, त्यामुळे त्याचं काही नाही. पण हा ट्रकएवढा होता. ‘उच्च शिक्षणासाठी परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’. मध्ये कोट घातलेला मुलगा, डोक्यावर विमान, मागे जुनी दगडी इमारत. मी स्कूटर थांबवून इमारत निरखली. खालच्या कोपऱ्यात रूळ दिसत होते. फ्लेक्सवाल्याने कॉलेज म्हणून कुठलं तरी रेल्वे स्टेशन चिकटवलं होतं. मी कुणाला बोललो नाही, एकट्यानेच आठवडाभर मजा घेतली.

शोरूममध्ये सत्कार झाला. शाल, नारळ, नगरसेवकाचं भाषण, पेढे. मग एका पहाटे गाडी पोराला घेऊन मुंबईच्या विमानाला म्हणून निघाली आणि दुसऱ्या दिवशीपासून शेजाऱ्यांच्या उजव्या मनगटावर घड्याळ आलं.

त्यांच्या आई मागच्या अंगणात राहायच्या. म्हणजे घर दोन मजली होतं, पण म्हातारीचा जीव एका म्हशीत आणि एका नातवात, म्हणून त्यांचा मुक्काम गोठ्यापाशी. नाक्यावरचा फ्लेक्स उतरला तेव्हा त्यांनी तो मागून घेतला आणि गोठ्यावर टाकायला लावला, छापलेली बाजू आत करून. शेणकूट करताना वर बघितलं की नातू दिसायचा, विमानासकट.

“सर, तुमी शिकल्यालं हायसा,” त्या मला एकदा म्हणाल्या. “ती इमानं माघारी येत्यात न्हवं?”

“येतात की, आजी.”

“फोनवर दिसतंय पोरगं. पन लय अंधारात ऱ्हातंय वो. कवाबी बघा, पडदं लावल्यालं. तिकडं ऊन पडत न्हाई म्हनं.”

इंग्लंडात ऊन कमीच, असं मी म्हटलं. मला तरी काय ठाऊक.

दीड वर्षाने मी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून सांगलीला गेलो. बी.एस्सी. दुसरं वर्ष. टेबलांमधून फिरता फिरता एका पोरापाशी थांबलो. त्याने ब्यूरेटची तोटी जरा जास्तच फिरवली आणि द्रावण एकदम गुलाबी झालं. मी वर बघितलं, तर म्हशीच्या गोठ्यातला चेहरा.

व्हरांड्यात त्याने सगळं सांगितलं. व्हिसा दोनदा नाकारला होता. पहिला नकार आला तेव्हा फ्लेक्स लागून आठवडा झाला होता.

“मी पप्पांना म्हटलं, कराडलाच घेतो अ‍ॅडमिशन. तर म्हणाले, कराडात तोंड दाखवायचं नाही. पुण्यात नको, पुण्यात अर्धं मलकापूर राहतंय. सांगलीत आपलं कुणी नाही. म्हणून इथं.”

“आणि घरी?”

“घरी जायचं नाही. दोन दिवाळ्या गेल्या, सर. आजीला फोन करताना पडदा लावायचा, लाइट लावायची.” त्याने एप्रनला हात पुसले. “केमिस्ट्री मला आवडते. खरंच आवडते. पण आजीला एकदा भेटायचंय.”

मी गावी आलो तो थेट त्यांच्या दारात. म्हातारी तेव्हा आजारी होती, गोठा सुटून खाटेवर आली होती.

“आईंना बरं नाही,” मी म्हटलं. “पोराला एकदा बोलवून घ्या.”

उजवा हात वर आला. “तिकडं आता परीक्षा चालू हायत, सर.”

“परीक्षा मीच घेऊन आलोय.”

मला वाटलं होतं, माणूस खजील होईल. झाला नाही. त्यांनी आधी दार लोटलं, मग चहा सांगितला, आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

“मग तुमाला ठावंच हाय. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या.”

“म्हातारीनं काय घोडं मारलंय? तिला तरी सांगा. ती कुणाला सांगणार आहे, म्हशीला?”

त्यांनी चहा बशीत ओतला. “फ्लेक्स काढता येतो, सर,” ते म्हणाले. “लोकांनी वाचल्याला कसा काढायचा? एवढा पाडवा जाऊ द्या. मग काय तरी तोड काढतो.”

त्या क्षणी मला त्यांची कीव आली असती, पण आतून म्हातारीच्या खोकल्याचा आवाज आला आणि कीव जागच्या जागी विरली. स्वतःच्या आईपेक्षा नाक्यावरच्या लोकांना भिणारा माणूस. याला मोठा माणूस म्हणून आम्ही रामराम घालत होतो.

म्हातारी पाडव्यापर्यंत थांबली नाही. अंत्यविधीला शेजारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, “विमानच मिळंना. तिकडं लय धुकं हाय.” बायकांनी डोळे पुसले. बिचारं पोरगं, एवढ्या लांब. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

दहाव्याला आम्ही कराडला नदीवर जमलो. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळे झाडावर भरपूर होते. एकही खाली येईना.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कावळा शिवेना की माणसं पुढे होऊन मेलेल्याला शब्द देतात. म्हैस विकणार नाही, असं झालं. थोरल्या लेकीला माहेरपण करू, असंही झालं. कावळे ढिम्म. मग कुणीतरी जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोललं, “नातवात जीव अडकलाय तिचा.”

“नातवाला दावतो की,” म्हणत शेजाऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला, व्हिडिओ कॉल लावला आणि पिंडापुढे धरला. पडद्यावर पोरगं दिसलं. ट्यूबलाइट, मागे लावलेला पडदा, रडून सुजलेले डोळे.

“तिकडं आता पहाट हाय,” शेजाऱ्यांनी जमलेल्यांना सांगितलं. “बोल रं आजीशी.”

पोरगं बोलायला तोंड उघडतं न उघडतं तोच त्या इंग्लंडातून गाण्याचा आवाज आला. मग भोंग्यावर एक बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, ओला कचरा आणि सुका कचरा वेगवेगळा ठेवा. घंटागाडी खिडकीखालीच उभी असावी, कारण तिने ते पुन्हा म्हटलं.

शेजाऱ्यांनी फोन बंद केला. “नेटवर्क गेलं.”

कुणी हसलं नाही. आमची माणसं तशी सभ्य आहेत, दहाव्याला हसत नाहीत. भटजी नदीकडे बघू लागले. फक्त म्हातारीचा भाऊ, औंधहून आलेला, फौजेतून निवृत्त झालेला ताठ म्हातारा, शांतपणे म्हणाला, “तिकडंबी ओला-सुका येगळा करत्यात म्हनायचं.”

शेजारी घाईघाईने भटजींना म्हणाले, “दर्भाचा कावळा करा आन् उरका. ऊन व्हायला लागलंय.”

गवताचा कावळा करून पिंडाला लावायचा, हाही रिवाज आहे. खरा येत नसेल तर खोटा. या माणसाचं सगळं आयुष्यच त्या सोयीवर चाललेलं.

“थांबा,” औंधचे मामा म्हणाले. माझी खाली गेलेली मान त्यांनी हेरली असावी. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “सर, पोरगं कुटं हाय?”

“सांगलीला,” मी म्हटलं. शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही.

“मग दीड-दोन तासात येतंय. लाव फोन, ये म्हनावं. माझ्या भनीला घाई न्हाई.”

शेजाऱ्यांनी फोन लावला. आम्ही सगळे घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. एकही माणूस उठून गेला नाही. शेजारी एकटे पाण्याकडे तोंड करून उभे होते, मधूनच उजव्या मनगटाकडे बघत. त्या घड्याळात आता कुठली वेळ बघत होते, देव जाणे.

पोरगं मित्राच्या मोटरसायकलवर आलं. केस विस्कटलेले, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र तसंच. सगळ्यांच्या देखत पायऱ्या उतरायला लागलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस पुढे होऊन लेकराला जवळ घेईल. ते पुढे झाले खरे. एक नजर जमलेल्यांवर टाकली आणि मोठ्याने विचारलं,

“कवा उतारलास मुंबईला?”

तेवढं अचाट धैर्य मी दुसऱ्या कुणात बघितलेलं नाही.

पोराने बापाकडे बघितलंही नाही. मामांच्या पाया पडलं, पिंडापुढे जाऊन उभं राहिलं. “आजी,” ते म्हणालं, “मी सांगलीत होतो. बी.एस्सी. करतोय. इथंच होतो मी.” मग त्याने हात जोडले.

कावळा काही आला नाही. मी झाडाकडे टक लावून होतो, खोटं कशाला सांगू. शेवटी दर्भाचाच कावळा केला आणि तो नातवाच्या हातात दिला. मामा म्हणाले, “झालं. पोचलं तिला.” आणि लोक चहाकडे वळले.

पोरगं आता दर शनिवारी एस्टीने घरी येतं. म्हैस अजून आहे, विकली नाही. ते गोठ्यात तिच्यापाशी पुस्तक घेऊन बसतं, डोक्यावर स्वतःचाच कोटातला फोटो. मला अडलेलं विचारायला भिंतीपाशी येतं. अक्षर चांगलं आहे, हातही आता स्थिर झालाय.

बाप भिंतीपाशी येत नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं. दात घासायला शांतता मिळाली. मग एक-दोनदा मान आपोआप तिकडे वळली, आणि तिथे कुणी नव्हतं. राग मात्र अजून आहे. खाटेवर खोकणाऱ्या त्या म्हातारीचा हिशोब मी माझ्यापुरता मिटवलेला नाही, मिटणारही नाही.

परवा शोरूमवरून जात होतो. ते दारात एका गिऱ्हाइकाशी बोलत उभे होते. उजव्या मनगटावर घड्याळ होतं. ते बंद पडलंय, असं पोराने मला सांगितलं होतं. सेल बदलत नाहीत आणि काढूनही ठेवत नाहीत.

“पोरगं कुटं असतंय तुमचं?” गिऱ्हाइकाने सहज विचारलं.

त्यांचा उजवा हात सवयीने वर आला. ते घड्याळाकडे बघत राहिले. मी स्कूटर हळू केली.

“सांगलीला,” ते म्हणाले. हात खाली गेला. मग मी दिसलो असेन किंवा नसेन, त्यांनी आवाज जरा चढवला.

“तूर्त.”