रेडिएटरमधली हवा

आंबोली घाटाखालच्या त्या मेकॅनिकचा मला अजून राग येतो. आई गेली होती. आरोंद्याला सगळे दुपारपर्यंतच माझ्यासाठी थांबणार होते, आणि हा माणूस तापून बंद पडलेल्या माझ्या गाडीच्या रेडिएटरचा रबरी पाइप हळूहळू दाबत, पाणी भरायच्या तोंडाशी येणारे बुडबुडे बघत बसला होता.

"लवकर करा हो. आई गेलीय माझी," मी ओरडलो.

त्याने मान वर केली नाही. "ह्येच्यात पाणी कोणी भरल्यान?"

"मीच. काल."

"हवा काढूक नाय तुमी. ती आत रवली तर गाडी परत तापतली, सायबानू."

बुडबुडे थांबेपर्यंत तो उठला नाही. पुढे गाडी कुठेही तापली नाही. मी पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती.

त्याच्यावरचा राग मी सोडत नाही. सोडला, तर तो माझ्याकडेच येईल.