चौसष्ट घेवड्यांची तपासणी

बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत बाईंचं काम एकच होतं: ओल्या टिपकागदावर शंभर बिया मांडायच्या आणि ठरलेल्या दिवशी किती जगल्या, किती मेल्या ते लिहायचं. अठ्ठावीस वर्षं हेच. थंड खोली सांभाळणारा मदतनीस त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचा.

त्या सोमवारी तो बशीत डोकावला. "काय डॉक्टरीणबाई, गचकले वाटतं पेशंट?"

"तुझं तोंड आवर आधी," बाई म्हणाल्या.

बशीत घेवड्याचं एक जुनं वाण होतं. आता ते कुणी लावत नव्हतं. साऱ्या जगात नसेल, पण या इमारतीत तरी त्याची एकच बरणी उरली होती. ती अकरा वर्षं थंडीत होती. शंभरांतल्या एकतीस बिया उगवल्या होत्या, पाच कुजल्या होत्या, चौसष्ट नुसत्याच पडून होत्या. पन्नासच्या खाली आकडा आला की बरणी भट्टीत जायची. जागा अपुरी पडत होती.

नवे साहेब आले, बघितलं आणि म्हणाले, "एकतीस टक्के. लिहून टाका."

"साहेब, ही चौसष्ट मेलेली नाहीत."

"दहा दिवस पाण्यात आहेत, हलायला तयार नाहीत. आणखी काय पाहिजे?"

बाईंनी चिमट्याने एक बी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "दाबून बघा. मेलेलं बी पाणी पितं, फुगतं, मऊ पडतं, मग बुरशी धरतं. हे खडा आहे खडा. याने पाणी आतच घेतलेलं नाही. साल घट्ट आहे."

साहेबांनी दाबलं, नखाला लागलं. "शनिवारपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर मी थांबणार नाही."

बाईंना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच टणक बिया त्यांनी 'मृत' म्हणून लिहिल्या होत्या. बरणी भट्टीत गेली, त्यानंतर त्यांच्या वरिष्ठ बाईंनी बशीतलंच एक बी ब्लेडने टोचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्याला मूळ फुटलं. कुणी रागावलं नाही, आणि तेच फार लागलं.

घरी लेक परीक्षेची घोकंपट्टी करत होती. "श्वसन, पोषण, वाढ, हालचाल, उत्सर्जन, प्रजनन, चेतना. ही सजीवांची लक्षणं."

"बरणीतलं बी यातलं काय करतं?"

लेकीने विचार केला. "काहीच नाही."

"श्वास घेतं. इतका हळू, की दिसत नाही."

"पेपरात असं लिहिलं तर मार्क मिळतील?"

"ते तुझ्या सरांना विचार. मला शनिवारपर्यंत दुसरं काही सुचणार नाही."

मंगळवारी बाईंनी भिंगाखाली चौसष्ट बियांच्या सालीला एकेक चीर दिली, कोंब जिथून फुटतो त्याच्या विरुद्ध बाजूला. चीर सालीपुरतीच हवी. पातं आत गेलं की संपलं. दुपारपर्यंत मान आखडली. बुधवारी बिया टम्म फुगल्या. मदतनीस म्हणाला, "मेलेल्यापण फुगतात म्हणालात ना?" बाईंनी टिपकागदावर पुन्हा पाणी शिंपडलं. तो बरोबर बोलत होता.

शुक्रवारी मुळं दिसली. शनिवारी मोजणी झाली: एकोणपन्नास उगवल्या, पंधरा कुजल्या.

"आधीच्या एकतीस धरून ऐंशी," साहेब म्हणाले. मग खिशातून एक कागद काढून, "मी तर भट्टीची चिठ्ठी टाइप करून ठेवली होती."

बाई कुजलेल्या बिया भिंगाखाली उलटवत होत्या. "यातल्या दोन माझ्या पात्याने गेल्या. चीर आतपर्यंत गेली आहे."

"मग त्या कुजलेल्यांत धरू नका. ब्याऐंशी लिहा."

"उगवल्या नाहीत ना, साहेब? मग ऐंशीच."

त्यांनी ऐंशी लिहिलं, खाली शेऱ्यात दोन बियांना झालेली इजा नोंदवली आणि सही केली. साहेबांनी चिठ्ठी फाडली. मदतनीस बरणी घेऊन थंड खोलीत गेला, आणि बाईंनी पुढच्या वाणासाठी टिपकागद भिजवायला घेतला.