प्रणालीची मान

ही गोष्ट मी आजवर घरात कुणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ तर नाहीच – त्यांच्या पोटात काही राहत नाही, दहा मिनिटांत चहाच्या टपरीपर्यंत पोचली असती. मग तुम्हाला का सांगतेय? दिवस बरे चाललेत म्हणून असेल. अमरावतीत छोटं घर आहे, निवृत्तीनंतरही गुडघे साथ देतात, नात फोनवर कविता म्हणून दाखवते. तक्रारीला जागा नाही. पण सगळं चांगलं चाललेलं असतानाच एखादी जुनी गोष्ट जास्त टोचते – नाही का?

वलगावच्या एका शाळेत मी एकवीस वर्षं शिकवलं. दर सोमवारी प्रार्थनेनंतर माझी तपासणी असायची – नखं, केस, कानामागे, मान. मुली मला टरकून असत आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? स्वच्छतेच्या बाबतीत शाळेत माझा शब्द शेवटचा होता.

सातवीत प्रणाली नावाची मुलगी होती. गोलमटोल, हसरी, खाण्याची शौकीन. वडील अमरावतीला नोकरीला होते, येताना लाडक्या लेकीसाठी रोज गिला वडा नाहीतर थंड पेयाची बाटली आणायचे. आई घरीच ब्लाऊज शिवायची. प्रणालीच्या मानेवर काळा, जाडसर पट्टा होता. मी तिला रांगेबाहेर काढून सगळ्यांसमोर म्हटलं, मानेवर शेती करतेस का गं? मुली खिदळल्या. ती हळूच म्हणाली, "बाई, घासली ना मी. निंगतच नाही."

पुढच्या सोमवारी तिची मान लालभडक होती. आईने वजरीने घासली होती – आपण टाचा घासतो त्या दगडाने. कातडी सोलवटली होती, काळं मात्र तसंच. मी तिला पुन्हा रांगेबाहेर उभं केलं.

एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. अज्ञान होतं, म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढचं – पुढचं अज्ञान नव्हतं.

जुलैत मुलांच्या आरोग्यतपासणीचं पथक आलं. त्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी प्रणालीच्या कमरेला टेप लावला, रक्तदाब दोनदा मोजला, मान निरखून पाहिली आणि मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, हा मळ नाही. शरीरात साखरेचं गणित बिघडायला लागलं की मानेवर असं येतं. कमरेचा घेर जास्त, वयाच्या मानाने रक्तदाब वर आणि ही मान – हे सगळं एकाच मुलीत दिसतंय, म्हणजे पुढे मधुमेहाचा, हृदयाचा धोका आहे. आत्ताच ओळखलं तर बरंच सावरता येतं. रक्त तपासायला हवं. त्यांनी पालकांसाठी चिठ्ठी लिहिली आणि विश्वासाने माझ्या हातात दिली.

मी ती दिली नाही.

का? चिठ्ठी दिली असती तर तिच्या आईने विचारलंच असतं – बाई, तुमी तं मळ म्हनत होत्या? आणि मग? त्याच रांगेसमोर उभं राहून मी चुकले म्हणायचं? मला ते जमेना. उद्या देऊ, परवा देऊ, असं करत चिठ्ठी कपाटात वह्यांखाली गेली. सोमवारी मी प्रणालीच्या मानेकडे बघणं सोडून दिलं. पण घरी घासू नका, एवढं साधं वाक्यही तिच्या आईला सांगितलं नाही. दर रविवारी वजरी चालूच होती. मान बघत नसले तरी ती कधी लाल असते, हे मला कळायचं.

आठ महिने. मार्चमध्ये कळलं, तेच पथक परत येणार आहे. डॉक्टरबाई विचारणार. तेव्हा कुठे चिठ्ठी बाहेर निघाली – मन खात होतं म्हणून नव्हे, पकडले जाईन म्हणून. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. मी तो कोपरा फाडला आणि चिठ्ठी तिच्या आईला दिली.

रक्तात साखर काठ ओलांडण्याच्या बेतात होती, चरबीही वाढलेली. जिल्ह्याच्या दवाखान्यात म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. तिची आई शाळेत येऊन माझ्यासमोर ढसाढसा रडली. "मले मायले दिसलं नाही, बाई. मी मळ समजून पोरीची मान सोलत राहिली. तुमी मान पाहून डॉक्टरले सांगतलं म्हनून कळलं." मी तिला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. आणि तिचं बोलणं तसंच राहू दिलं.

पोरगी मात्र जिद्दीची. बाटल्या बंद, संध्याकाळी मैदानावर कबड्डी, दोन वर्षं गोळ्या, नियमाने तपासण्या. मान हळूहळू उजळली. आज तिची साखर, रक्तदाब, सगळं ठीक आहे. ते ऐकलं की खरंच जीव निवतो – हा आनंद खोटा नाही, एवढं माझं ऐका.

प्रणाली आता अकोल्यात परिचारिका आहे. शाळाशाळांतून मुलं तपासायला जाते. परवा घरी आली होती, आग्रहाने तीन वेळा चहा घेतला. सांगत होती, "बाई, मी हरेक शाळेत मास्तरांना तुमचीच गोष्ट सांगतो. म्हनतो, आमच्या बाईनं मान पाहूनच ओळखलं, म्हनून मी वाचली. मग ते बी पोरायच्या माना पाहून राहिले. मागच्या महिन्यात चार पोरं सापडले, येळेवर."

मी म्हटलं, शाब्बास. अजून थोडा चहा घे.

आता ती गोष्ट अकोल्याच्या शाळांतून फिरते आहे. ज्या बाईने वेळेवर ओळखलं, तिची. ती बाई मी नव्हते.