पाणी आलं की आभाळ थरथरतं

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. एका खोलीत तीन माणसं आणि एक महागडं मशिन ठेवा, शेजारी चांगला असू द्या, बाकी सगळं आपोआप होतं. आमच्या सोलापूरच्या कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये असंच झालं. तीन माणसं म्हणजे आमचे हेड बिराजदार सर, लॅब अटेंडंट सिद्राम आणि मी. मशिन म्हणजे गच्चीवरचा अँटेना आणि खाली लॅबमध्ये त्याला जोडलेला रिसीव्हर. शेजारी म्हणजे गड्डम मावशी. मागच्या विणकर गल्लीत त्यांचं घर, आणि त्यांची गच्ची आमच्या गच्चीला अगदी चिकटून.

मशिन एका मोठ्या संस्थेनं वापरायला दिलेलं. “वर्षभर बघू. डेटा चांगला आला तर राहील, नाहीतर दुसऱ्या गावाला नेऊ,” असं बजावून दिलेलं. सरांनी या मशिनसाठी अर्ध्या नोकरीभर अर्ज केले होते. ते परत गेलं असतं तर सर रिटायर होईपर्यंत हसले नसते, आणि त्यांचं तोंड आम्हाला रोज बघावं लागलं असतं.

●

बसवलं त्याच दिवशी मावशींनी कठड्यावरून विचारलं, “हे काय बसवलाय सर? टीव्हीचं हाय काय?”

सरांना असं कुणी विचारलं की संपलंच. “मावशी, ढगांच्या खूप वर हवेचा एक थर आहे. आयनोस्फियर म्हणतात त्याला. दिवसभर ऊन तिथल्या कणांतले इलेक्ट्रॉन मोकळे करतं. दिवस मावळला की थराचा खालचा भाग लवकर विरळ होतो, वरचा दाट राहतो. मग कधीकधी खालून बुडबुडे वर चढतात. उपग्रहाचा सिग्नल त्यातून आला की थरथरतो. ती थरथर आम्ही मोजतो.”

मावशींनी नीट ऐकून घेतलं. “म्हणजे आमटीला उकळी फुटते तसं?”

“अगदी तसंच!” सर खूष.

“मग नुसतं बघत काय बसायचं सर? गॅस बारीक करावं की.”

●

एकदा भर दुपारी सगळ्या उपग्रहांचे आलेख एकदम वर उसळले. सूर्यावर मोठा भडका उडाला होता. त्याचे एक्स-रे इथवर पोचायला आठेक मिनिटं लागतात, आणि पोचले की वरच्या थरात इलेक्ट्रॉनची एकदम गर्दी होते. सर स्क्रीनला नाक लावून उभे. तेवढ्यात प्रिन्सिपल दारात आले आणि म्हणाले, “बिराजदार, मीटिंग आहे ना?”

सरांनी मागे न बघता हात हलवला. “आत्ता सूर्याचं चाललंय. तुम्ही नंतर या.”

●

सिद्राम मूळचा वैरागचा, आणि तोंडाचा फाटका. आपलं मशिन जीपीएसची गडबड पकडतं, हे त्यानं गावभर करून ठेवलं. एके दिवशी चिंचोळी एमआयडीसीतला एक टेम्पोवाला त्याला शोधत लॅबमध्ये आला. मालकानं टेम्पोला ट्रॅकर बसवलेला, आणि त्या ट्रॅकरनुसार टेम्पो अख्खी दुपार ढाब्यावर उभा होता.

“सर, मालकाला एक फोन करा,” टेम्पोवाला गयावया करत म्हणाला. “सांगा की वर लई गडबड हुती.”

सर शांतपणे म्हणाले, “दादा, वरचा थर बिघडला तर टेम्पो थोडा इकडंतिकडं दिसेल. पण तो टेम्पोला जेवायला घालत नाही.”

●

आता आमची अब्रू काढणारा किस्सा. सरांच्या लक्षात आलं की दर चार-पाच दिवसांनी, संध्याकाळी, पश्चिमेकडच्या उपग्रहांचे सिग्नल हटकून थरथरतात. वातावरणात पाच दिवसांची म्हणून एक लाट असते, ती सरांनी पुस्तकात वाचली होती. मग काय, सरांनी सेमिनारची तयारी सुरू केली. चार्ट झाले, स्लाइड झाल्या.

स्लाइड पुऱ्या झाल्या त्याच संध्याकाळी मी अँटेनाची वायर बघायला गच्चीवर गेले आणि एक ओली चादर सपकन तोंडावर बसली. नळाला पाणी आलं होतं. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की अख्खी गल्ली धुण्याला बसते. मावशींची दोरी थेट अँटेनाच्या पश्चिमेला. ओल्या चादरी वाऱ्यावर हलत होत्या आणि त्यांच्याआडून येणारा सिग्नल थरथरत होता.

मी खाली येऊन सांगितलं. सरांनी चार्ट गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, “नळाला इतकं नियमित पाणी येतं, हा शोधसुद्धा काही लहान नाही.”

तेव्हापासून करार ठरला. मावशींनी “सर, टाकायलेय!” अशी हाक द्यायची, आणि आम्ही तेवढा डेटा बाद करायचा.

●

वर्ष संपत आलं आणि संस्थेचे साहेब तपासणीला आले. मितभाषी माणूस. चहा घेताना सरांनी त्यांना आमटीची गोष्ट सांगितली, तर हसलेसुद्धा नाहीत. सगळा डेटा आणि वहीतल्या ‘चादरी, बाद’ अशा नोंदी बघून म्हणाले, “सर, यात आकाश कमी आणि चादरी जास्त आहेत. आज दिवस मावळल्यावर बसून बघतो. आभाळाची स्वतःची थरथर दिसली नाही तर मशिन उद्या सोबत नेतो.”

आणि नेमकं त्याच संध्याकाळी पाणी आलं.

आज चादरी वाळत टाकू नका म्हणून सांगायला सरांनी सिद्रामला गल्लीत पिटाळलं. तो धापा टाकत परत आला. “सांगून आलो सर. पर समद्यांनी चादरी भिजवल्यात. पाणी काय रोज येतंय व्हय?”

दिवस मावळला. रेषा सरळ चालल्या होत्या. मग पश्चिमेकडची एक रेष हलली. तिच्या शेजारची हलली. बघता बघता चार-पाच रेषा थरथरायला लागल्या. एरवी सर नाचले असते. आज त्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेब उठले. “चला, चादरी बघून येऊ.”

गच्चीवर आलो. पाण्याचा दिवस, विणकरांची गल्ली, आणि एकाही गच्चीवर एकही कापड नाही! सगळ्या दोऱ्या मोकळ्या. साहेब चारी दिशांना फिरून बघत राहिले. खालून सिद्राम ओरडला, “अजून हलायलंय सर!”

“खरा बुडबुडा आहे हा,” साहेब हळूच म्हणाले. “मशिन राहू दे इथंच.”

सरांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले.

मी कठड्यावरून खाली वाकले, तर गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर बाया बसलेल्या, समोर पिळलेल्या चादरींनी भरलेल्या बादल्या. मावशींनी मान वर केली.

“सर, वास मारायलाय आता. टाकू काय?”

सर अजून डोळे पुसत होते. तेवढ्यात साहेबच कठड्यावर ओणवे झाले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “थांबा मावशी, अजून उकळी चाललीय!”